उतारावरची शिडी

(कलशारोहणाच्या दिवशी सायंकाळी सभामंडपात जमलेल्या ग्रामस्थांसमोर, जीर्णोद्धाराच्या कामावरील मुख्य मिस्त्रींनी केलेले भाषण. शब्दांकन : स्मरणिका समिती)



मला भाषण करता येत नाही. माझ्या हातात थापी शोभते, ध्वनिक्षेपक शोभत नाही. पण समितीचे कार्यवाह म्हणाले, ‘मिस्त्री, अंगणातल्या त्या तीन जागांबद्दल लोक विचारताहेत. त्याचे उत्तर तुम्हीच द्या.’ म्हणून उभा राहिलो आहे. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

विचारणा अशी आहे. देवळाच्या साऱ्या अंगणाला आपण पन्हळीच्या बाजूला उतार दिला, पाच फुटांना एक इंच. आपल्या कोकणात शंभर इंचांवर पाऊस पडतो. पाणी अंगणात थांबले तर शेवाळ धरते आणि मुरले तर जोत्याला लागते. म्हणून उतार हवाच. मग दीपमाळेजवळ, महाद्वाराच्या आत आणि सभामंडपाच्या उत्तर बाजूला तीन तीन फूट लांब-रुंद जागा सपाट का ठेवल्या? पहिल्याच पावसात तिथे बोटभर पाणी साचले. ‘मिस्त्रीची पाणसळ चुकली’ असे कोणी म्हणाल्याचे माझ्या कानावर आले.

मंडळी, पाणसळ चुकलेली नाही. त्या जागा मी मुद्दाम सम ठेवल्या आहेत. त्या शिडीच्या जागा आहेत. साचलेले पाणी खराट्याने दोन मिनिटांत निघते. शिडीवरून पडलेल्या माणसाचे तसे नसते.

उतार हा पाण्याचा मित्र आणि शिडीचा वैरी. कसा, ते साध्या हिशोबाने सांगतो. आपल्या शिडीच्या दोन पायांत सव्वा फूट, म्हणजे पंधरा इंच अंतर असते. उतारावर ती आडवी लावली की एक पाय पाव इंच खाली राहतो. पाव इंच म्हणजे काहीच नाही, असे आपल्याला वाटते. पण शिडी पंधरा फूट असेल तर तिचे टोक तीन इंच बाजूला जाते. आता पन्हळीजवळचा एखादा चिरा खचलेला आहे आणि पायांत पुरता एक इंच फरक पडला आहे, असे धरा. तेव्हा टोक एक फूट बाजूला जाईल! खाली इंच, तर वर फूट. त्यात वर गेलेला माणूस रंगाचा डबा घेऊन हात लांब करणार, म्हणजे त्याचा भारही त्याच अंगाला. मग शिडी कलंडते ती माणसाला सावरायला वेळ देत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी देवळाच्या सभामंडपाला रंग देण्याचे काम माझ्याकडे होते. जमिनीला मोरीच्या बाजूला उतार होता. हाताखाली एकोणीस वर्षांचा पोरगा होता, कामाला चपळ. शिडी डगमगत होती. उत्सव चार दिवसांवर आलेला, मंडळी घाई करीत होती. मी कौलाचा एक तुकडा उचलला, शिडीच्या खालच्या पायाखाली सारला आणि म्हणालो, ‘बसली, चढ.’ तो चढला. बारा फुटांवर जाऊन तुळईच्या टोकाला ब्रश लावायला त्याने अंग बाहेर काढले आणि खाली कौल फुटले. पोरगा जोत्याच्या कडेवर पडला. खुबा मोडला. आज तो काठी घेऊन चालतो. पुन्हा शिडीला त्याने हात लावला नाही.

मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या आईने एकही वाईट शब्द काढला नाही. ‘तुम्ही तरी काय करणार, देवाची इच्छा,’ एवढेच म्हणाली. बंधूंनो, ती देवाची इच्छा नव्हती. तो माझा कौलाचा तुकडा होता. देवाच्या दारात झालेला अपघात देवाच्या नावावर घालून मोकळे होणे सोपे असते. म्हणून आज आपल्या सर्वांसमोर हे कबूल करतो.

आता काय करावे, ते सांगतो.

पहिली गोष्ट, शिडीच्या पायाखाली कौल, विटेचा तुकडा, दगड, नारळाची करवंटी, काही म्हणजे काही सारू नये. जमीन मातीची असेल तर खालचा पाय उचलू नका, वरचा पाय खाली उतरवा. म्हणजे वरच्या अंगाला माती उकरून खाच करा, तळ धुमसा आणि दोन्ही पाय एका पातळीत आणा. फरसबंदीवर खाच करता येत नाही. तिथे शिडीची जागा बदला. उतार शिडीला आडवा न येता समोरून मागे जाईल अशी जागा शोधा, म्हणजे दोन्ही पाय समान राहतात. अंगण भिंतीपासून बाहेर उतरत असेल तर पाय मागे घसरण्याचा धोका असतो, तेव्हा ते पाय दोरीने भिंतीच्या बाजूला बांधून घ्या. जागा बदलणेच शक्य नसेल, तर सुताराकडून उताराच्या मापाने तासलेली दोन फूट रुंदीची जाड फळी करून घ्या, कडेला पट्टी ठोकून. दोन्ही पाय त्या एकाच फळीवर आले पाहिजेत.

दुसरी गोष्ट, शिडी सरळ आहे की नाही, हे डोळ्यावर सोडू नका. उतारावर डोळा फसतो. शिडी उभी करण्यापूर्वी तिच्या सर्वांत वरच्या पायरीच्या बरोबर मध्याला सुतळी बांधा आणि सुतळीच्या टोकाला दगड बांधून खालपर्यंत सोडा. शिडी लावल्यावर समोर उभे राहून पाहा. सुतळी खालच्या पायरीच्या मध्यावर दिसली तर शिडी सरळ. एका अंगाला गेली तर चढू नका. हा गरिबाचा ओळंबा आहे. घरात सुतळी नाही, असे या गावात एकही घर नसेल.

तिसरी गोष्ट, चारास एक. टेकलेले टोक बारा फूट उंच असेल, तर पाय भिंतीपासून तीन फूट दूर हवेत. त्याहून उभी लावली तर माणूस मागे येतो, फार निजवली तर पाय घसरतात. छपरावर उतरायचे असेल तर शिडी कडेच्या वर तीन फूट राहू द्या, म्हणजे उतरताना हाताला आधार मिळतो. टोक बांधल्याशिवाय काम सुरू करू नका. पहिला माणूस टोक बांधायला चढेल तेव्हा खाली दुसऱ्याने दोन्ही हातांनी शिडी धरून उभे राहावे, गप्पा मारीत नव्हे. दीपमाळेला हे विशेष लागू आहे. दीपमाळ गोल असते. तिच्यावर शिडीची एकच पायरी टेकते आणि शिडी फिरायला पाहते. म्हणून दीपमाळेला वेढा घालून दोरी बांधायची. भिंतींसाठी मी त्या दोन सपाट जागांच्या वर लोखंडी कड्या बसवल्या आहेत, त्या शोभेच्या नव्हेत.

चौथी गोष्ट पहाडाची. बांबूचा पहाड असो की लाकडी घोड्यांवर टाकलेल्या फळ्या असोत, उतारावर प्रत्येक पाय वेगळ्या लांबीचा लागतो. बांबू लहान पडला म्हणून खाली दगड रचायचे नाहीत, लांब बांबू आणायचा. बांबूचे बूड मातीत रुतवायचे, फरशीवर असेल तर फळीवर ठेवून खालून आडवे बांबू बांधायचे, म्हणजे बुडे फाकत नाहीत. प्रत्येक अंगाला तिरका बांबू हवा, नाहीतर सगळा पहाड उताराकडे झुकतो. फळीचे टोक आधाराच्या पलीकडे सहा इंचांवर लोंबू देऊ नका आणि फळी बांधल्याशिवाय सोडू नका. मोकळ्या टोकावर पाय पडला की फळीच उठते. स्टुलावर स्टूल, टेबलावर खुर्ची हा प्रकार तर देवळात नकोच.

ही केवळ माझी बडबड नाही. भारतीय मानक ब्युरोने शिड्यांच्या सुरक्षिततेसाठी 1991 साली स्वतंत्र मानक काढले. बांधकाम मजुरांसाठी 1996 साली केंद्राचा कायदा झाला. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या ठेक्यांमध्येही कलमे आहेत, ती अशी : एकेरी शिडी नऊ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे तीस फुटांपेक्षा लांब नसावी. बारा फुटांपेक्षा उंच पहाडाला तीन फूट उंचीचा कठडा असावा. सरकारी इमारतीवरच्या मजुराला जी काळजी, ती देवाच्या कामावर श्रमदान करणाऱ्याला नको का?

या कामावर आम्ही हे सगळे पाळले. शिखराच्या कामात रोज सकाळी पहाडाच्या दोऱ्या तपासून मगच वर चढायचे, हा नियम होता. कोणाला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पण मंडळी, मला काळजी आमची नाही. आम्ही उद्या सामान बांधून जाऊ. काळजी आहे ती तुमच्या पोरांची.

जत्रेच्या आदल्या रात्री काय होते, ते मी गावोगावी पाहिले आहे. तोरणे लावायची असतात, दिव्यांच्या माळा सोडायच्या असतात, मुंबईकर पोरे गाडीतून उतरून तशीच देवळात आलेली असतात. कोणाच्या तरी घरची शिडी येते. अंगण धुतलेले, ओले. ‘धर रे जरा’ म्हणून एक जण चढतो आणि धरणारा मोबाईल पाहत असतो. हल्ली अॅल्युमिनिअमच्या शिड्या आल्या आहेत. त्या हलक्या म्हणून एकटा माणूसही नेतो. पण त्यातून वीज वाहते, तेव्हा त्या तारांच्या जवळपास न्यायच्या नाहीत. त्या हलक्या असल्याने उतारावर अधिक लवकर सरकतात, हेही ध्यानात ठेवा.

म्हणून माझी समितीला दोन विनंत्या. एक, देवस्थानची स्वतःची एक चांगली शिडी असावी, दोरी आणि सुतळीसह, आणि तिची किल्ली जबाबदार माणसाकडे असावी. दोन, जत्रेची माळ आदल्या रात्री न लावता दोन दिवस आधी, उजेडी लावावी.

देणगीदारांची नावे पायऱ्यांवर आणि खांबांवर कोरली आहेत, ते योग्यच झाले. त्या तीन सपाट जागांवर कोणाचे नाव नाही आणि त्यांची मजुरी मी बिलात लावलेली नाही. ती का, ते आता तुम्हाला समजले असेल. पावसात तिथे पाणी दिसले तर कोणीतरी खराटा घ्यावा, एवढेच मागणे आहे.