एका खेळाचीं स्थित्यंतरें

बुद्धिबळाच्या पटावर हत्ती सरळ चालतो आणि उंट तिरपा चालतो. हा नियम कोणाच्या मालकीचा, असा प्रश्न कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु ज्या खेळाचे नियम एका कंपनीच्या मालकीचे असतात आणि कांहीं वर्षांनीं बदलतात, तो खेळ कोणाचा म्हणावयाचा? अमेरिकेंतील ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासांत हाच प्रश्न पुनःपुन्हां उभा राहिलेला दिसतो.

खेळाचें स्वरूप थोडक्यांत असें. चार-सहा मंडळी मेजाभोंवतीं बसतात. त्यांतील एकजण सूत्रधार होतो. तो भुयारें, ओसाड किल्ले व त्यांत दडलेले राक्षस यांचें वर्णन करतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर अशीं पात्रें घेतात आणि आपलें पात्र काय करील तें बोलून सांगतात. तें कृत्य साधलें कीं फसलें, याचा निवाडा फासे करतात. येथें कोणी जिंकत नाहीं. सर्वांनीं मिळून रचलेली कथा हेंच या खेळाचें फळ.

१९७१ सालीं गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ नांवाचे मध्ययुगीन लढायांचे नियम छापले गेले. मिनेसोटांतील डेव्ह आर्नेसन यांनीं त्यांचा आधार घेऊन सैन्याऐवजीं एकेका वीराचीं साहसें ‘ब्लॅकमूर’ नामक कल्पित मुलुखांत खेळविलीं. गायगॅक्स व आर्नेसन यांच्या सहकार्यांतून १९७४ सालीं हा नवा खेळ विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या लहान गांवीं प्रसिद्ध झाला. एका पेटींत तीन पुस्तिका, आणि प्रती अवघ्या १,०००. नियम इतके त्रोटक कीं, उणें तें ज्याचें त्यानें भरून काढावें. त्यामुळें घरोघरीं निराळाच डाव मांडला जाऊं लागला. हा दोष खरा. परंतु खेळाचा जीवही त्यांतच होता.

सर्वत्र एकच नियम चालावा, या हेतूनें गायगॅक्स यांनीं १९७७ ते १९७९ या काळांत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या नांवानें तीन जाड ग्रंथ सिद्ध केले. पण या नव्या ग्रंथांवरील मानधनाचा वाद उपस्थित होऊन १९७९ सालीं आर्नेसन न्यायालयांत गेले. १९८१ सालीं तडजोड झाली. पुढें १९८५ सालीं खुद्द गायगॅक्स यांच्याच हातून कंपनीची सत्ता गेली. १९८९ सालीं दुसरी आवृत्ति निघाली तेव्हां दोन्ही जनक घराबाहेर होते. धर्मनिष्ठ पालकांच्या आक्षेपांमुळें या आवृत्तींतून सैतानांचीं जुनीं नांवेंही काढून टाकण्यांत आलीं.

१९९७ सालीं कर्जांत बुडालेली ही कंपनी ‘विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट’ या संस्थेनें विकत घेतली. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनें वीस बाजूंचा फासा हा बहुतेक सर्व निर्णयांचा पाया केला. पूर्वी कोठें मोठें दान चांगलें, तर कोठें लहान. तो घोटाळा मिटला. याहून महत्त्वाचें म्हणजे या नियमांचा गाभा वापरून कोणीही पुस्तकें छापावींत, असा खुला परवाना दिला गेला.

त्या परवान्याचें मोल पुढें कळलें. २००८ सालच्या चौथ्या आवृत्तींत लढाईचे नियम फार रेखीव होते. पण अनेक जुन्या खेळाडूंस त्या खेळांत आपला खेळ ओळखूं येईना. तेव्हां ‘पायझो’ या दुसऱ्या संस्थेनें २००९ सालीं जुनेच नियम सुधारून ‘पाथफाइंडर’ या नांवानें छापले आणि खेळाडू तिकडे वळले. कंपनी यांतून शिकली. २०१२ पासून तिनें नव्या नियमांचे मसुदे खेळाडूंच्या हातीं देऊन त्यांचीं मतें मागविलीं. २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तींत बरेच निर्णय पुन्हां सूत्रधाराच्या विवेकावर सोंपविले गेले, आणि ती अतिशय लोकप्रिय झाली.

तरीही २०२३ च्या जानेवारींत तोच परवाना मागें घेण्याचा बेत उघडकीस आला. खेळाडूंनीं एवढा गहजब केला कीं, त्याच महिन्यांत कंपनीनें माघार घेतली. इतकेंच नव्हे, तर मूळ नियमांचा गाभा तिनें परत घेतां न येणाऱ्या सार्वजनिक परवान्याखालीं मोकळा केला. २०२४ सालीं पांचव्या आवृत्तीचे ग्रंथ सुधारून निघाले. सहावी आवृत्ति असें त्यांस म्हटलें गेलें नाहीं.

नवा ग्रंथ निघाला म्हणून फळीवरचा जुना ग्रंथ कोणी उचलून नेत नाहीं. १९७४ च्या पुस्तिकांवर अद्यापि डाव मांडणारे आहेत. आणि २०१३ सालीं त्या पुस्तिका कंपनीनेंच पेटीसह पुन्हां छापून विकल्या. नियमांची मालकी अनेकदां बदलली. खेळ मात्र मेजाभोंवतीं बसणाऱ्यांकडेच राहिला.