परिचारिकेचा अधिकार आणि त्याची मर्यादा
(मेढा येथें दिलेलें व्याख्यान)



वेण्णेच्या कांठीं मेढ्यास राहणाऱ्यास डॉक्टर गांठणें फारसें कठीण नाहीं. परंतु बामणोलीकडे, शिवसागराच्या कांठच्या वाड्यांवर, भर पावसाळ्यांत कोणास ताप आला म्हणजे प्रथम आठवते ती उपकेंद्रांतील परिचारिका. कोणी तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणतात. ती डॉक्टरीण नव्हे. मग तिनें औषध कोणत्या अधिकारानें द्यावें व कोठें थांबावें, हा आमचा आजचा विषय आहे.

अमेरिकेंत १९६५ सालीं लोरेटा फोर्ड ही परिचारिका व डॉ. हेन्री सिल्व्हर यांनीं कोलोरॅडो विद्यापीठांत परिचारिकांस रोग्याची तपासणी व साधे उपचार शिकविण्यास प्रारंभ केला. तेथील संस्थानांत अद्यापि एकच नियम नाहीं; कोठें डॉक्टराशीं लेखी करार लागतो, कोठें परीक्षा उतरलेली परिचारिका स्वतंत्रपणें औषधयोजना करिते.

आपल्याकडे अतिदक्षता विभागासाठीं भारतीय परिचर्या परिषदेनें दोन वर्षांचा पदव्युत्तर शिक्षणक्रम आंखला आहे. परंतु खेड्यांत भेटते ती २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेंतील समुदाय आरोग्य अधिकारी. तिला परिचर्येची अथवा आयुर्वेदाची पात्रता असावी लागते व त्यावर सहा महिन्यांचें शिक्षण. डोंगरी मुलखांत ३,००० वस्तीस एक उपकेंद्र, असें प्रमाण आहे.

मर्यादेची गोष्ट थोडी विस्तारानें सांगतों. रक्तदाब किंवा मधुमेह हुडकून काढणें हें तिचें काम. औषध ठरविणें प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टराचें. आणि तें एकदां ठरलें कीं दरमहा गोळ्या देणें, दाब मोजणें, बिघाड दिसतांच रोग्यास परत धाडणें हें पुनः तिचें. वाडीवरच्या म्हातारीस दर महिन्यास डोंगर उतरावा लागत नाहीं, हा याचा खरा लाभ. अडल्यास ई-संजीवनीवरून दूरच्या डॉक्टराचा सल्ला घेतां येतो. अर्थात् रेंज मिळाली तर.

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमांतही हीच रेघ ओढलेली आहे. मर्यादित परवाना असलेल्यानें प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांत नेमून दिलेलीं औषधें स्वतंत्रपणें द्यावीं. त्यापलीकडे नोंदणीकृत डॉक्टराच्या देखरेखीखालींच. या कलमास डॉक्टरांच्या संघटनेनें मोठा विरोध केला. त्यांची भीति निराधार नव्हती. शहरास पुरा वैद्य व खेड्यास अर्धा, ही वांटणी आम्हांसही नको. परंतु परिचारिकेचे हात बांधल्यानें ती टळत नाहीं; तिच्या हाकेस ओ देणारा डॉक्टर खरोखर असला पाहिजे, आणि तो नसेल तर तशी तक्रार आपण लेखी केली पाहिजे.

ज्यांच्या मुली या शिक्षणास जातील त्यांनीं महाराष्ट्र परिचर्या परिषदेंतील नोंदणी व तिचें नूतनीकरण यांत हयगय करूं नये. इतरांनीं उपकेंद्रावर सुई टोचण्याचा हट्ट धरूं नये. बाईंनीं 'हें माझ्या हातचें नाहीं, डॉक्टरांकडे चला' म्हटलें कीं त्याच दिवशीं निघावें. लाँच चुकलीच तर दुसऱ्या सकाळच्या पहिलीनें.