पोट तेच आहे

सकाळी चहाच्या वेळी तुमच्यापैकी तिघांनी मला सांगितलं, "गाठ काढली ना, मग सुटलीस!" म्हणून आयोजकांनी दिलेला विषय बाजूला ठेवते आणि माझ्या पोटाबद्दलच बोलते.

दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एंडोस्कोपीत, जठरात लहानशी गाठ दिसली. कर्करोगाचीच, पण अगदी सुरुवातीची, आतल्या अस्तरापुरती. अशा वेळी दुर्बिणीतून अस्तराखाली द्रव टोचून ते फुगवतात आणि गाठ अखंड सोलून काढतात. पोटावर एकही टाका नाही. रिपोर्टमध्ये कडा स्वच्छ. आम्ही पेढे वाटले.

कडा स्वच्छ असल्या की त्याच जागी गाठ परत येण्याची शक्यता फार कमी असते, हे खरं. पण जठर काही गेलेलं नसतं. वर्षानुवर्षं सुजून झिजलेलं अस्तर तेच राहतं आणि त्यात दुसरीकडे नवी गाठ होऊ शकते. आमच्या धंद्यात सांगायचं तर एक बग काढला, कोड जुनाच.

अस्तर बिघडवणारा मुख्य आरोपी म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. १९८४ साली बॅरी मार्शल यांनी तो स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला होता. पुढे नोबेल मिळालं, पण घरच्यांचं काय झालं असेल! कोरियातला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. गाठ काढलेल्या, जिवाणू असलेल्या १९४ जणांना तो मारायची औषधं दिली, २०२ जणांना औषध नसलेल्या गोळ्या. साधारण सहा वर्षांत पहिल्या गटात १४ जणांना नवा कर्करोग झाला, दुसऱ्यात २७ जणांना. धोका जवळजवळ निम्मा झाला. पण ते १४ जण औषध घेतलेलेच होते.

माझ्या डिस्चार्ज कार्डावर ना जिवाणूचा उल्लेख होता, ना पुढच्या तपासणीची तारीख. विचारलं तर म्हणाले, "त्रास झाला तर या." अहो, पहिल्या गाठीनं तरी कुठे त्रास दिला होता? दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं, जिवाणू सापडला. चौदा दिवस औषधं घेतली, नंतर श्वासाच्या चाचणीनं तो गेल्याची खात्री केली आणि दरवर्षी एंडोस्कोपी ठरली. पहिल्या वर्षीची मीच चार महिने पुढे ढकलली. रिलीज होतं म्हणे! अजून लाज वाटते.

या वर्षीची येत्या गुरुवारी आहे. उपाशीपोटी जायचं आणि गुंगीच्या औषधानंतर गाडी चालवायची नाही. दहावीला माझ्या बाकावर बसणारी सोबत येते आहे.