आमचं रक्त नेता, मग आम्हाला काय सांगता?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्य सखीने केलेले भाषण)



मागच्या महिन्यात आपल्या तीन गावांत एका मेडिकल कॉलेजची मुलंमुली येऊन गेली. वयात आलेल्या पोरींचं वजन-उंची घेणार, रक्त तपासणार आणि पुढची काही वर्षं परत परत येणार, असं म्हणाली. हातात संमतीपत्र. काही घरांनी सह्या केल्या, काहींनी दार लावून घेतलं. एक आत्या मला म्हणाल्या, "आमच्या पोरींचं रक्त नेऊन ह्यांनी पुस्तकं लिहायची, आमच्या पदरात काय?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. माझं उत्तर मी पुण्याजवळच्या सहा खेड्यांवरून देते.

1993 साली पुण्याच्या केईएम हॉस्पिटलनं आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठानं मिळून तिथं एक अभ्यास सुरू केला. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, तिकडच्या डॉ. कॅरोलिन फॉल. बाया तुमच्या-माझ्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या. कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख लिहून घ्यायच्या. आपण तर सख्ख्या जावेला सांगत नाही! पण त्यामुळंच दिवस गेल्याचं लवकर कळायचं. मग चौथ्या-पाचव्या महिन्यात आणि पुन्हा सातव्यात विचारपूस व्हायची: काय खाल्लं, किती खाल्लं, पाणी किती लांबून आणलं, रानात काय काम केलं. बाळ जन्मलं की तीन दिवसांच्या आत मोजमाप.

त्या आयांचं दिवस जाण्याआधीचं वजन सरासरी 42 किलोच्या आसपास होतं. बाळं सरासरी 2 किलो 700 ग्रॅमची. साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची.

आता मुद्द्याचं ऐका. नुसत्या भाकरी जास्त खाल्ल्यानं बाळाच्या वजनात मोठा फरक दिसला नाही. ज्या आया दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं चांगली भरलेली होती. हे 2001 साली छापून आलं. आणि ज्यांना गरोदरपणात अंगमेहनतीचं काम जास्त, त्यांची बाळं लहान.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या थोरलीची आठवण झाली. सातव्या महिन्यात मी बाजरीच्या खुडणीला जात होते. सासूबाई म्हणायच्या, "कमी खा, पोर लहान असलं की बाळंतपण सोपं जातं." त्यांना त्यांच्या सासूनं तेच सांगितलेलं. पोर दोन किलोचीही भरली नाही. घरात दूध होतं, पण ते सगळं डेअरीला जायचं. बांधावर तांदुळजा, पाथरी, घोळ उगवायचा, पण दुष्काळातली गरिबाची भाजी म्हणून आम्ही हात लावायचो नाही. आजही कितीजणींच्या बागेतली डाळिंबं मार्केटला जातात आणि घरच्या गरोदर सुनेच्या हातावर दाणा पडत नाही, हे तुम्हीच मोजा.

त्या बाळांचं आणखी एक गूढ निघालं. हातापायानं किडकिडीत, पण कातडीखालची चरबी मात्र टिकून. पुढं मधुमेह आपल्याकडं कमी वयात आणि बारीक माणसालाही का होतो, त्याचा धागा तिथं लागला. दुसरं म्हणजे दर तीन आयांमधल्या जवळपास दोघींना बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. हे भाजीत नसतं. ते दूध-दही-ताक, अंडी, मटण, मासे यांत असतं. ज्या आयांच्या रक्तात बी-12 कमी आणि फॉलिक जास्त होतं, त्यांच्या लेकरांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडं झुकण्याची लक्षणं जास्त दिसली. म्हणून सरकारी गोळी फेकून द्यायची नाही हं! गोळी घ्यायचीच, सोबत वाटीभर दही.

नंतर तीच मुलं मोठी झाल्यावर त्यांना वयात येतानाच बी-12 द्यायचा प्रयोग त्याच गावांत झाला. म्हणजे ज्यांच्या आयांनी पाळीची तारीख सांगितली, त्यांच्या लेकरांपर्यंत ते लोक परत आले. मला हे सगळ्यात मोठं वाटतं.

आणि हा विचार सुरू कुठून झाला? साउथॅम्प्टनच्या डॉ. डेव्हिड बार्कर यांना इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमधल्या जुन्या वह्या सापडल्या. 1911 पासून तिथल्या सुईणी आणि नर्स बाळांची वजनं त्यात लिहीत होत्या. कमी वजनाची बाळं मोठेपणी हृदयविकारानं जास्त मरतात, हे त्या वह्यांवरून कळलं. आपल्या अंगणवाडी ताईच्या रजिस्टरला कमी लेखू नका.

सगळंच जमतं असं नाही. मुंबईच्या झोपडपट्टीत 2006 पासून बायांना दिवस जायच्या आधीपासून दूध, भाजी, फळं घातलेला खाऊ दिला. एकूण सगळ्यांचा हिशोब केला तर बाळांची वजनं फारशी वाढली नाहीत. गरोदरपणी किमान तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांत थोडा फरक पडला. गरोदरपणातला मधुमेह मात्र बराच कमी झाला. म्हणून पोरींचं खाणं लग्नाआधीच बघायला हवं, सातव्या महिन्यात ओटी भरताना नव्हे.

आता आपल्या संमतीपत्राकडं या. माझं मत सही करावी असं आहे, पण आंधळी नको. आधी विचारा: रक्तात काय बघणार? रिपोर्ट पोरीच्या हातात मराठीत कधी मिळणार? हिमोग्लोबिन कमी निघालं तर उपचार कोण करणार, कुठल्या दवाखान्यात? मधेच नको वाटलं तर थांबता येईल ना? थांबलं म्हणून दवाखान्यातली सेवा बंद होणार नाही ना? आणि पोरीला स्वतःला विचारा, नुसतं बापाला नको. निष्कर्ष निघाला की तो ग्रामसंघाच्या बैठकीत येऊन सांगायचा, हे कागदावर लिहून घ्या.

आत्यांना मी एवढंच म्हटलं की त्या कॉलेजच्या मॅडमना हा प्रश्न तुम्हीच विचारा. मॅडम गुरुवारी दुपारी तीनला ग्रामसंघाच्या कार्यालयात येतायत. ज्यांनी सही केली त्यांनी यावं, ज्यांनी दार लावलं त्यांनी तर यावंच. पोरींना सोबत आणा.