माजी अध्यक्षांनी बोलावे की नाही?

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे.)



2009 सालची गोष्ट. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांना पद सोडून पुरते दोन महिनेही झाले नव्हते, तोच त्यांनी दूरचित्रवाणीवर येऊन सांगितले की, नवे अध्यक्ष ओबामा यांच्या धोरणामुळे देशावरील हल्ल्याचा धोका वाढला आहे. वर्गात ओघाने विषय निघाला तेव्हा मी म्हणालो, "पद गेले, पण गुर्मी गेली नाही. पायउतार झालेल्याने काही दिवस तरी गप्प बसावे, एवढी सभ्यता हवी." मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने शांतपणे विचारले, "सर, गेल्या वर्षी आपण आम्हाला कार्टर यांचा युद्धविरोधी लेख वाचून दाखवलात. तेही माजी अध्यक्षच ना?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. आजचे व्याख्यान हे त्या विद्यार्थ्याला फार उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजा.

त्या लेखाची हकीकत अशी. 2003 च्या मार्चमध्ये, इराकवरील आक्रमणाला काही दिवस उरले असताना, जिमी कार्टर यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिले की हे युद्ध न्याय्य युद्धाच्या कसोट्यांना उतरत नाही. पुढे 2007 च्या मे महिन्यात तर एका वृत्तपत्राशी बोलताना त्यांनी बुश यांच्या परराष्ट्रीय कारभाराला इतिहासातील सर्वांत वाईट ठरवले. अध्यक्षांच्या प्रवक्त्याने युक्तिवादाला हात न घालता एवढेच म्हटले की, कार्टर दिवसेंदिवस गैरलागू होत चालले आहेत. नंतर आपले शब्द बेफिकिरीचे होते किंवा त्यांचा विपर्यास झाला, अशी काहीशी सारवासारव कार्टर यांनीही केली. (ती त्यांनी करायला नको होती, असे मला आजही वाटते.) त्या दिवसांत रिपब्लिकन गोटातून माजी अध्यक्षांच्या मर्यादेचे पाठ दिले जात होते. दोनच वर्षांनी चेनी बोलू लागले, तेव्हा त्याच गोटाला त्यात निर्भय देशभक्ती दिसली. आणि कार्टर यांच्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्या डेमोक्रॅटांना व त्यांच्या माझ्यासारख्या दूरच्या सहानुभूतिदारांना अचानक पदाच्या प्रतिष्ठेची आठवण झाली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे!

पुढची वर्षे याच चालीवर गेली. धाकटे बुश यांनी 2009 मध्ये आपल्या वारसदारावर टीका करणार नाही असे जाहीर केले आणि त्या मौनाची वाहवा झाली. दोन युद्धे आणि कोसळलेली बँकव्यवस्था मागे ठेवून जाणाऱ्याला मौन किती सोयीचे असते, याचा विचार फारसा कोणी केला नाही. 2018 च्या सप्टेंबरात ओबामा यांनी इलिनॉय विद्यापीठात ट्रम्प यांचे नाव घेऊन टीका केली, तेव्हा परंपरा मोडल्याची ओरड झाली. 2021 पासून चार वर्षे ट्रम्प स्वतः माजी अध्यक्ष होते आणि बायडन यांच्यावर जवळजवळ रोज तोंडसुख घेत होते. तेव्हा ओरड करणाऱ्यांना ती परंपरा आठवली नाही. ट्रम्प 2020 च्या निवडणुकीचा निकालच नाकारत होते, हा आक्षेप अगदी खरा. परंतु तो त्यांच्या म्हणण्यावरचा आक्षेप झाला. माजी अध्यक्षाने बोलावे की नाही, या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. या दोन गोष्टींची गल्लत दोन्ही पक्ष करतात आणि सोयीने करतात.

मी अर्थशास्त्राचा माणूस, म्हणून एक हिशेबाची बाब सांगतो. 1958 च्या कायद्याने अमेरिकेच्या माजी अध्यक्षांना वर्षाला 25,000 डॉलर निवृत्तिवेतन आणि कचेरीचा खर्च मिळू लागला. ट्रूमन यांची आर्थिक ओढाताण हे त्या कायद्यामागचे एक कारण होते. आता कोणी म्हणेल, सरकारी पैसा घेणाऱ्याने सरकारवर टीका करू नये. पण हा पैसा विद्यमान अध्यक्षाच्या खिशातून येत नाही, करदात्याच्या खिशातून येतो. तेव्हा माजी अध्यक्ष ऋणी असलाच तर करदात्याचा आहे. गुप्त कागद ज्याने वाचले आहेत, युद्धाचे निर्णय कोणत्या खोलीत कसे होतात हे ज्याने पाहिले आहे, त्याने नेमक्या अडचणीच्या वेळी गप्प बसणे म्हणजे घेतलेल्या पैशाचा मोबदला न देणे होय.

हूव्हर यांनी 1934 साली रूझवेल्ट यांच्या आर्थिक कार्यक्रमाविरुद्ध स्वातंत्र्याच्या नावाने एक सबंध पुस्तक लिहिले. मला त्यातील अर्थशास्त्र पटत नाही. बेकारांच्या रांगा डोळ्यांदेखत वाढल्या असताना बाजारावर एवढी श्रद्धा ठेवणाऱ्याला काय म्हणावे! पण त्या पुस्तकाला उत्तर द्यायचे तर बेकारीच्या आकड्यांनी द्यावे. हूव्हर हरलेले आहेत, म्हणून त्यांनी गप्प बसावे, हे उत्तर नव्हे.

आता ज्या प्रकरणासाठी मी हा विषय घेतला, त्याकडे येतो. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यानंतर माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट 'कॅन्सस सिटी स्टार' या वृत्तपत्रातून अध्यक्ष विल्सन यांच्यावर सातत्याने टीका करीत होते. युद्ध ढिलेपणाने चालले आहे, ही त्यांची तक्रार. 1918 च्या मे महिन्यात त्यांनी लिहिले की, अध्यक्षावर टीका होता कामा नये असे म्हणणे हाच जनतेशी द्रोह आहे. हे वचन आजही प्रत्येक पक्षाचे लोक आपापल्या सोयीने उद्धृत करतात. परंतु युद्धाला मुळातच विरोध करणाऱ्यांना हेच रूझवेल्ट देशद्रोह्यांच्या पंक्तीत बसवीत होते, हे उद्धृत करणारे सांगत नाहीत.

त्याच मे महिन्यात राजद्रोहाचा नवा कायदा झाला. पुढच्याच महिन्यात, 16 जून 1918 रोजी, समाजवादी पक्षाचे नेते यूजीन डेब्ज यांनी ओहायो राज्यातील कँटन गावी भाषण केले. युद्ध पुकारतात वरच्या वर्गातील लोक आणि मरतात खालच्या वर्गातील लोक, असा त्या भाषणाचा आशय होता. त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली. मिलवॉकीच्या समाजवादी दैनिकाची टपालाची सवलत सरकारने 1917 मध्येच काढून घेतली होती. साप्ताहिक चालवणाऱ्या आपल्या मंडळींना टपालाची सवलत जाणे म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको. 'कॅन्सस सिटी स्टार' मात्र वर्गणीदारांच्या घरी पोचत राहिला.

म्हणजे अध्यक्षावर टीका करण्याचा हक्क होता, पण तो माजी अध्यक्षाला होता. रूझवेल्ट अधिक युद्ध मागत होते, डेब्ज युद्धच नको म्हणत होते. एकाला अग्रलेखाची जागा मिळाली, दुसऱ्याला अटलांटाचा तुरुंग. त्या तुरुंगातून 1920 ची अध्यक्षीय निवडणूक लढवून डेब्ज यांनी नऊ लाखांहून अधिक मते मिळवली. विल्सन यांनी त्यांना अखेरपर्यंत माफी दिली नाही. 1921 च्या नाताळात त्यांची सुटका केली ती हार्डिंग या रिपब्लिकन, धनिकांच्या बाजूच्या अध्यक्षाने.

यात आपल्याला बोचणारा भाग असा की, समाजवादी पक्षातील काही नामवंत मंडळी त्या काळात पक्ष सोडून विल्सन यांच्या बाजूला गेली होती. विल्सन पुरोगामी, त्यांच्यावर बोललो तर प्रतिगाम्यांचे फावेल, असे कारण सांगायला नेहमीच हाताशी असते. आपल्याकडे 1956 मध्ये हेच घडले. सुएझवर हल्ला करणाऱ्या ब्रिटन-फ्रान्सचा निषेध नेहरू सरकारने तत्काळ आणि कडक शब्दांत केला. बुडापेस्टमध्ये रशियन रणगाडे शिरले, तेव्हा मात्र भाषा अडखळली, आणि हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घेण्याची मागणी करणाऱ्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिले. जयप्रकाशजींनी या पक्षपाताबद्दल नेहरूंना जाहीरपणे जाब विचारला. साम्राज्यशाहीचे हात बळकट करता, असे तेव्हा त्यांनाही ऐकावे लागले.

कार्टर यांच्याविषयी मला ममत्व आहे, हे लपवत नाही. त्यांच्या मातोश्री लिलियन यांनी 1966 पासून सुमारे दोन वर्षे, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी येऊन, आपल्या विक्रोळीच्या दवाखान्यात रुग्णसेवा केली होती. स्वतः कार्टर 2024 च्या डिसेंबरात, शंभर वर्षांचे होऊन वारले. स्वपक्षाच्या अध्यक्षालाही त्यांनी अडचणीत आणले. 1994 मध्ये उत्तर कोरियात जाऊन झालेली बोलणी त्यांनी परस्पर दूरचित्रवाणीवर जाहीर केली, तेव्हा क्लिंटन यांचे सहकारी संतापले होते. परंतु ममत्व आहे म्हणूनच एक अवघड प्रसंग टाळता येत नाही.

1990 च्या नोव्हेंबरात, इराकविरुद्ध बळ वापरण्याचा ठराव सुरक्षा परिषदेपुढे यायचा होता. कार्टर यांनी परिषदेच्या सदस्य देशांना पत्रे लिहून युद्धाऐवजी अरब देशांच्या मध्यस्थीने वाटाघाटींचा आग्रह धरला. थोरले बुश यांना ही गोष्ट कॅनडाच्या पंतप्रधानांकडून कळली. त्या पत्रातील मत मला मान्य आहे. पण तेच पत्र चेनी यांनी, ओबामा शांततेचा करार करीत असताना, परक्या सरकारांना गुपचूप पाठवले असते, तर मी काय म्हणालो असतो? मी त्याला कारस्थान म्हणालो असतो. तेव्हा कार्टर यांचा 2003 चा लेख मी आजही वर्गात वाचून दाखवीन, कारण तो उघड होता, त्यांच्या देशबांधवांपुढे मांडलेला होता, आणि ज्याला खोडायचा त्याला खोडता येत होता. 1990 च्या पत्राचे समर्थन मात्र मला करता येत नाही. ते मला बरीच वर्षे करावेसे वाटत होते.

तुमच्यापैकी काहींचे मत वेगळे असेल. युद्ध थांबवण्यासाठी एवढे चालते, असे म्हणणारे येथे दोघे-तिघे तरी आहेत, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसते आहे. चहानंतर प्रश्नोत्तरे आहेत. तेथे त्यांनीच आधी बोलावे.