ग्रीन मॅन : दगडातला आणि मिरवणुकीतला

पानांनी वेढलेला माणसाचा चेहरा हे युरोपातील मध्ययुगीन चर्चमधले नेहमीचे नक्षीकाम आहे. खांबांच्या माथ्यावर, छताच्या कमानी जुळतात तिथल्या दगडावर आणि लाकडी आसनांच्या खालच्या अंगाला तो आढळतो. काही ठिकाणी गाल, कपाळ, दाढी सारे पानांचेच असते. जर्मनीतील बाम्बेर्ग कॅथेड्रलमधला १३व्या शतकातील मुखवटा असाच आहे. इतरत्र चेहरा माणसाचा राहतो, पण तोंडातून, नाकपुड्यांतून, क्वचित डोळ्यांतूनही फांद्या फुटतात. याचे पूर्वरूप रोमन शिल्पांत सापडते. इंग्लंडमधील साउथवेल मिन्स्टरच्या सभागृहात ओक, हॉथॉर्न, द्राक्षवेल आणि आयव्हीची पाने वेगवेगळी ओळखता येतील इतकी हुबेहूब कोरलेली असून त्यांच्यामधून असे चेहरे डोकावतात.

मिरवणुकीतला पर्णधारी म्हणजे ‘जॅक इन द ग्रीन’. इंग्लंडमध्ये १ मे रोजी धुराडी साफ करणारे कामगार वेताचा उंच, निमुळता सांगाडा पानाफुलांनी झाकत. आत एक जण उभा राही. बाहेरून दिसत ती फक्त पावले. तो गरगर फिरे, बाकीचे ब्रश आणि फावडी बडवत नाचत आणि पैसे गोळा करत. उन्हाळ्यात शेकोट्या विझत, काम घटे. त्यामुळे ही कमाई मोलाची होती.

जेम्स फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाऊ’ (१८९०पासून) या ग्रंथात अशा रूपांना वनस्पतींच्या दैवताचे अवशेष मानले. पावसासाठी मुलाला पाने गुंडाळून घरोघर नेण्याची, त्याच्यावर पाणी शिंपडण्याची पुण्याकडची प्रथाही त्यांनी नोंदवली. कडुनिंबाचा पाला बांधून पाऊस मागणाऱ्या धोंडीशी हे वर्णन जुळते.

लेडी रॅग्लन यांनी १९३९मध्ये ‘फोकलोर’ नियतकालिकातील लेखात कोरीव चेहरा, जॅक आणि रॉबिन हूड यांना एकाच माळेत ओवले. चर्चमधल्या चेहऱ्याला ‘ग्रीन मॅन’ हे नाव या लेखामुळे चिकटले. हे मत लोकप्रिय झाले, पण पुरावे त्याला साथ देत नाहीत. कॅथलीन बॅसफर्ड यांनी १९७८मध्ये दाखवले की अनेक चेहरे वेदनेने वेडेवाकडे झालेले, भेसूर आहेत. वसंताचा आनंद त्यांत दिसत नाही. पुढच्याच वर्षी रॉय जज यांनी जॅकच्या नोंदींचा माग काढला, तो १८व्या शतकाच्या उत्तरार्धापलीकडे गेला नाही. दुधवाल्या बायका १ मे रोजी फुलांनी आणि चांदीच्या भांड्यांनी सजवलेला डोलारा घेऊन नाचत. त्यांच्याशी चाललेल्या चढाओढीतून जॅक निपजला असावा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ही प्रथा जवळपास लोपली. १९८०नंतर रोचेस्टर आणि हेस्टिंग्ज येथे ती पुन्हा सुरू झाली. २०२३मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाच्या निमंत्रणपत्रिकेवरही ग्रीन मॅन होता. दगडातला आणि मिरवणुकीतला पर्णधारी आज एकच मानले जातात; हे एकत्व मात्र विसाव्या शतकाने घडवले आहे.