शेरेबुकातील दोन शेरे

(केंद्र शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



‘शिक्षकाची कल्पकता व तिचा गौरव’ या विषयावर मी बोलावे, अशी केंद्रप्रमुखांची सूचना आहे. गौरव म्हटला की डोळ्यांपुढे शाल, श्रीफळ आणि ५ सप्टेंबरचा समारंभ उभा राहतो. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून दिले जातात, जिल्हा परिषदाही आदर्श शिक्षक निवडतात. ते योग्यच आहे. परंतु आपल्या कामाचा प्रस्ताव आपणच तयार करावयाचा, त्याला छायाचित्रे व दाखले जोडावयाचे, हा प्रकार संकोची माणसाला मानवत नाही. आणि आपल्यातील पुष्कळ चांगले शिक्षक संकोची आहेत. त्यांच्या कामाची दखल नित्य घेतली जाते ती शाळेच्या शेरेबुकात. म्हणून आज मी माझ्याच हातच्या शेऱ्यांची हकीकत सांगणार आहे.

विस्तार अधिकारी झालो त्या पहिल्याच वर्षी, भातकापणीच्या दिवसांत, डोंगराळ भागातील एका द्विशिक्षकी शाळेला मी अचानक भेट दिली. तिसरी-चौथीचा वर्ग रिकामा होता. गुरुजी मुलांसह शेजारच्या खळ्यावर होते. मुले पायलीने भात मापीत होती, तेच भात काट्यावर घालून किलोत तोलीत होती, आणि एक मुलगी नोंदवहीत आकडे मांडीत होती. वेळापत्रकात तो तास भाषेचा होता. मी तेथे पाच मिनिटेही थांबलो नाही. शेरेबुकात लिहिले : ‘वेळापत्रकानुसार अध्यापन आढळले नाही. लेखी खुलासा सादर करावा.’ गुरुजींनी खुलासा दिला. पुन्हा असे होणार नाही, एवढाच. आणि ते खरोखरच पुन्हा झाले नाही. पुढच्या भेटीत सारे घड्याळाप्रमाणे चाललेले पाहून मी ‘कामकाज समाधानकारक’ असा शेरा मारून परतलो.

या दोहोंपैकी दुसरा शेरा मला आज अधिक बोचतो.

कल्पकता म्हणजे भिंती रंगविणे नव्हे. ती अडचणीतून निघते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीस ग्रामीण बालकांसाठी काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ मध्ये ते काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेकडे येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून ‘अंगणवाडी’ उभी राहिली. मुले गुरे राखावयास जात, म्हणून कुरणातच शिकविणारी कुरणशाळा निघाली. त्या दिवशी मजसारखा एखादा अधिकारी तेथे पोहोचता, तर ‘शाळा बंद आढळली’ असेच लिहून गेला असता! ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव लाभले. यातील मोठा सन्मान कोणता, हे मी आपणांवर सोपवितो.

मुख्याध्यापक व केंद्रप्रमुख यांना माझी विनंती आहे, की शेरा लिहिण्यापूर्वी ‘हे कशासाठी करता?’ एवढे विचारावे. आणि स्तुती करावयाची तर नुसते ‘उत्तम’ लिहू नये. काय केले आणि मुलांना त्यातून काय आले, ते लिहावे. ज्याची कल्पना त्याचे नाव तिच्यासोबत राहू द्यावे. एका शाळेतील युक्ती चार शाळांत जाते, अहवालात चढते, आणि वाटेत कर्त्याचे नाव गळून वरच्याचे लागते. या चोरीला आपण ‘संकलन’ म्हणतो.

थोडे आपसांतलेही बोलतो. सहकाऱ्याने काही नवे आरंभिले की ‘काय गुरुजी, पुरस्कार हवा वाटते?’ असा टोमणा येतो. अधिकाऱ्याच्या खुलाशाने जेवढे प्रयोग बंद पडले नसतील तेवढे या एका वाक्याने पडले असावेत. या परिषदेत फसलेला प्रयोगही निःसंकोच सांगता आला पाहिजे.

त्या शाळेत मी चौथ्या वर्षी पुन्हा गेलो. कपाट तपासताना खळ्यावरची ती नोंदवही हाती आली. मुलांची नावे, पायल्या, किलो. शेवटची नोंद माझ्या पहिल्या भेटीच्या तारखेची होती. पायलीचा आकडा मांडलेला, किलोचा रकाना कोरा. ‘हे पुढे का चालविले नाही?’ असे मी विचारले. गुरुजी म्हणाले, ‘साहेब, खुलासा दिला होता ना.’

मी शेरेबुक मागविले. जुना शेरा खोडता येत नाही. म्हणून त्याच्या तारखेचा उल्लेख करून खाली लिहिले : ‘सदर शेरा मी चौकशी न करता लिहिला होता. खळ्यावरील मापनाचा पाठ उपयुक्त होता. तो चालू ठेवावा.’ गुरुजींनी वाचून सही केली. कापणी नुकतीच उरकली होती. ‘पुढच्या साली बघू,’ म्हणाले. पुढच्या कापणीपूर्वीच त्यांची बदली झाली. नोंदवही मात्र ते नव्या बाईंच्या हवाली करून गेले.